गोळी अंगवळणी पडणं आणि व्यसन लागणं

प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ६४. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांना ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा लिहून दिली गेली. ती १४ महिने चालू राहिली आणि मध्ये एकदा डॉक्टरांनीच तिनाच्या चार केल्या. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने "हे व्यसनच आहे" असं सुनावल्यावर आईंनी गोळी एका दिवसात बंद केली. दुसऱ्या दिवशी जांभयांवर जांभया, घाम, नाक गळणं. रात्री पाय एका जागी ठेवता येईनात. मग जुलाब आणि काही कारण नसताना प्रचंड भीती. तिसऱ्या रात्री त्यांनी पुन्हा गोळी घेतली आणि दोन तासांत सगळं निवळलं. आता त्या रडतात आणि म्हणतात, "मी व्यसनी झाले." मुलगी विचारते आहे की हे खरंच व्यसन आहे का, आणि यातून बाहेर कसं पडायचं.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली वीसहून अधिक वर्षं जुनाट दुखण्याच्या रुग्णांवर उपचार करतो. रुग्णाला प्रत्यक्ष न बघता निदान करता येत नाही. तरी तुम्ही जे लिहिलं आहे त्यावरून एवढं नक्की सांगतो: यात व्यसनाची खूण एकही नाही. तुमच्या आईंचं शरीर औषधाला सरावलं आहे. गोळी अंगवळणी पडली आहे. ती तशी पडणं हा या औषधाचा गुणधर्म आहे, त्यांच्या स्वभावाचा दोष नाही.

सविस्तर बोलण्याआधी तातडीचं सांगतो. आईंनी गोळी पुन्हा सुरू केली असेल तर लिहून दिलेल्याच प्रमाणात चालू ठेवू द्या आणि एक-दोन दिवसांत ज्यांनी ती लिहिली त्या डॉक्टरांना भेटा. पुन्हा एकदा धीर करून एका झटक्यात बंद करण्याचा प्रयत्न नको. अडीच दिवसांचा खंड लहान होता म्हणून जुनं प्रमाण पुन्हा घेऊनही निभावलं. हाच खंड आठवड्याचा किंवा पंधरा दिवसांचा असता, तर मी तुम्हाला वेगळाच इशारा दिला असता. त्याबद्दल पुढे येईनच, कारण या सगळ्या प्रकरणात माणसाचा जीव जाण्याची जागा ती आहे.

आता त्या तीन दिवसांत नेमकं काय झालं ते बघू. ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळातलं औषध. मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, ब्यूप्रेनॉर्फिन हे त्याचे भाऊबंद. सगळ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. शरीर स्वतःही वेदना दाबणारी रसायनं बनवतं, ती एंडॉर्फिन. ती पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे ठरलेल्या खाचांवर, जाऊन बसतात, त्यांवरच ही औषधं बसतात. हे रिसेप्टर फक्त वेदनेच्या वाटेवर नसतात. आतड्यात असतात, श्वास चालवणाऱ्या केंद्रात असतात, आणि मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका आहे, त्यावरही असतात. जागं राहणं, दचकणं, छातीत धडधडणं, घाम फुटणं यामागे या पुंजक्यातून सुटणारं नॉरअॅड्रेनलिन हे रसायन असतं. ओपिऑइड हा पुंजका दाबून ठेवतं. महिनोन्‌महिने दाब राहिला की त्या पेशी आतून आपला जोर वाढवतात आणि दाबाखालीही काम चालू ठेवतात. गोळी अचानक थांबली की दाब जातो, पण वाढवलेला जोर तसाच राहतो. आईंना जे वाटलं ती भीती मनाचा खेळ नव्हती. शरीर तेव्हा खरोखर धोक्याच्या घंटा वाजवत होतं.

म्हणूनच विथड्रॉवलची, म्हणजे औषध थांबल्यावर होणाऱ्या त्रासाची, लक्षणं औषधाच्या परिणामांची उलटी बाजू असतात. औषधाने बद्धकोष्ठ होतो, ते सुटताना जुलाब. औषधाने बाहुल्या बारीक होतात, सुटताना विस्फारतात. औषधाने गुंगी येते, सुटताना झोप उडते. शिवाय डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, मळमळ, पायांची ती असह्य चुळबूळ आणि मूळ दुखणं होतं त्याहून वाढल्यासारखं वाटणं. थोड्या तासांपुरता असर असणारी गोळी असेल तर हे ८ ते २४ तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. मेथाडोनसारखं शरीरात रेंगाळणारं औषध असेल तर सुरुवात उशिरा होते आणि त्रासही जास्त दिवस पुरतो. झोप आणि मनःस्थिती मात्र कुठल्याही औषधानंतर पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिने घेतात. ही शेवटची गोष्ट कुणी आधी सांगत नाही आणि मग दीड महिन्याने उदास वाटलं की माणूस समजतो आपण हरलो.

तुम्ही वर्णन केलेलं तिसऱ्या रात्रीचं टोक या हिशेबात तंतोतंत बसतं. आईंनी गोळी घेतली ती सगळ्यात वाईट तासाला. त्याला दुर्बळपणा म्हणू नका.

मग व्यसन कशाला म्हणायचं? व्यसनात माणसाचा औषधावरचा ताबा सुटतो. ठरवलेल्यापेक्षा जास्त घेतलं जातं, कमी करायचे प्रयत्न वारंवार फसतात, औषध मिळवण्यात दिवस जातो, अनावर ओढ लागते, नाती आणि काम मोडत असूनही घेणं थांबत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, यासाठी ११ निकष दिलेले आहेत आणि वर्षभरात त्यातले किमान दोन जुळले तर ओपिऑइड वापराचा विकार आहे असं धरतात. त्या अकरांपैकी दोन निकष म्हणजे औषधाचा असर कमी कमी होत जाणं आणि औषध थांबलं की विथड्रॉवल होणं. आणि तिथेच स्पष्ट लिहिलं आहे की डॉक्टरांच्या देखरेखीखाली सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्या रुग्णात हे दोन निकष मोजायचे नाहीत. तुमच्या आईंमध्ये दिसतात ते नेमके हे दोनच. चौथी गोळीसुद्धा त्यांनी स्वतःहून वाढवलेली नाही. हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

याचा अर्थ धोका नाही असा मात्र नाही. अंगवळणी पडलेल्या औषधातून काहींना पुढे व्यसन लागतं, आणि आधी दारू किंवा इतर कशाचं व्यसन झालेल्यांना, नैराश्य असलेल्यांना, तरुणांना तो धोका जास्त. म्हणून मी प्रत्येक रुग्णाला काही साधे प्रश्न विचारतो. गोळ्या ठरलेल्या दिवसाआधी संपतात का? दुखणं नसतानाही, नुसतं मन शांत व्हावं म्हणून कधी घेतली का? एकाच गोळीसाठी दोन डॉक्टरांकडे गेलात का? घरच्यांपासून लपवली का? यातल्या एखाद्याचंही उत्तर "हो" असेल तर ते डॉक्टरांना तसंच सांगावं. व्यसन निघालंच तर त्यावर ब्यूप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन असे खात्रीचे उपचार आहेत आणि ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी होतं. व्यसनाचं निदान झालं तरी ते आजाराचंच निदान असतं, आणि त्या रुग्णालाही याच आपुलकीची गरज असते.

आता एक मुद्दा जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि जो बहुतेक घरांत कुणाच्या लक्षात येत नाही. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात, पहिलीचा असर उतरत असताना, छोटंसं विथड्रॉवल रोज होत असतं. ट्रॅमाडॉलचं रक्तातलं प्रमाण साधारण सहा तासांत निम्म्यावर येतं. पहाटे कंबर फार दुखते, गोळी घेतली की तासाभरात बरं वाटतं. रुग्ण म्हणतो, "बघा, गोळीशिवाय माझं चालत नाही, म्हणजे मणक्यात अजून काहीतरी आहे." त्या पहाटेच्या दुखण्यात मणक्याचा वाटा किती आणि गोळी उतरल्याचा किती, हे नुसत्या अनुभवावरून त्यालाही सांगता येत नाही. अशा वेळी मी दोन आठवड्यांची वही ठेवायला लावतो. दुखणं किती, किती वाजता, त्या आधीची गोळी कधी, सोबत घाम किंवा चुळबूळ होती का, एवढंच लिहायचं. दुखणं घड्याळाच्या काट्याबरोबर येत असेल, गोळीच्या वेळेआधी अंगभर पसरत असेल, ऑपरेशनच्या जागेपुरतं राहत नसेल, तर त्यात गोळीचा हात आहे. काहींमध्ये तर ओपिऑइड दीर्घकाळ घेतल्याने मज्जासंस्थाच हळवी होते आणि पूर्वी न दुखणारा स्पर्शही दुखू लागतो. तिथे गोळी वाढवली की दुखणं वाढतं. आईंच्या तिनाच्या चार झाल्या तेव्हा हे तपासलं गेलं होतं का, ते त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

ट्रॅमाडॉलबद्दल थोडं स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण ते दिसतं त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे. हे औषध दोन कामं करतं. यकृतातल्या एका एन्झाइममुळे त्याचा जो भाग बदलतो तो अफूसारखा वागतो, आणि मूळ औषध मेंदूतली सेरोटोनिन व नॉरअॅड्रेनलिन ही रसायनं वाढवतं, म्हणजे नैराश्यावरच्या काही गोळ्यांसारखं वागतं. त्यामुळे ते अचानक थांबवलं की विथड्रॉवलही दुहेरी होऊ शकतं. नेहमीचा घाम-जुलाब आहेच. त्याशिवाय काही जणांना भीतीचे झटके, हातापायांना मुंग्या, गोंधळल्यासारखं होणं, क्वचित भास होणं असाही त्रास होतो. आईंची ती "कारण नसताना भीती" बहुधा इथून आली. अमेरिकेत १९९५ मध्ये हे औषध आलं तेव्हा ते नियंत्रित औषधांच्या यादीतसुद्धा नव्हतं. सौम्य आहे, सवय लागत नाही, अशी समजूत होती. २०१४ मध्ये ते यादीत घालावं लागलं. "साधीच गोळी आहे" हे वाक्य रुग्ण डॉक्टरांकडूनच शिकले, त्यामुळे दोष द्यायचा तर आमच्या पिढीने आधी स्वतःला द्यावा.

याच दुहेरीपणामुळे आई नैराश्य, चिंता किंवा नसांच्या दुखण्यावरची कुठलीही गोळी घेत असतील तर ते डॉक्टरांना सांगणं फार गरजेचं आहे. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, ड्युलोक्सेटिन ही औषधं ट्रॅमाडॉलबरोबर सेरोटोनिन धोकादायक पातळीला नेऊ शकतात आणि फिट येण्याची शक्यता वाढवतात. शिवाय ती यकृतातलं ते एन्झाइमही अडवतात. म्हणजे ट्रॅमाडॉल तेवढंच घेत असूनही त्याचा अफूसारखा भाग कमी पडतो आणि रुग्णाला गोळी चालू असताना विथड्रॉवल होतं. हे मी पाहिलेलं आहे. रुग्ण गोंधळतो, घरचे म्हणतात नाटक करतोय. फिटच्याच कारणाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडायची नसते, आणि वय ७५ च्या पुढे गेलं की ३०० ची. गोळी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटॅमॉल अशी मिश्र असेल तर पॅरासिटॅमॉलचाही हिशेब ठेवा. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही ते असतं, आणि दिवसाला चार ग्रॅमच्या वर ते यकृताला जाळतं.

आता बाहेर कसं पडायचं. तत्त्व एकच आहे: पेशींनी जो जोर महिनोन्‌महिने वाढवला तो त्यांना सावकाश उतरवू द्यायचा. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ औषध घेतलेल्यांसाठी महिन्याला सुमारे १० टक्के किंवा त्याहून सावकाश घट सुचवली आहे. काही आठवडे ते काही महिने घेतलेल्यांसाठी आठवड्याला मूळ प्रमाणाच्या १० टक्के चालतं. अमेरिकेच्याच एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये इशारा दिला की शरीर सरावलेल्या रुग्णांचं औषध अचानक बंद केल्याने तीव्र विथड्रॉवल, अनावर वेदना आणि आत्महत्यासुद्धा घडल्या आहेत, आणि दर दोन ते चार आठवड्यांनी १० ते २५ टक्क्यांहून जास्त कमी करू नये. हा इशारा डॉक्टरांना होता, कारण त्याआधीच्या काही वर्षांत ओपिऑइडच्या भीतीपोटी अनेकांनी रुग्णांच्या गोळ्या एकदम तोडल्या होत्या.

आईंचं प्रमाण दिवसाला २०० मिलिग्रॅम आहे. त्याचे १० टक्के म्हणजे २० मिलिग्रॅम, आणि २० मिलिग्रॅमची गोळी हाताशी नसते. इथे कागदावरचा हिशेब अडतो. साधी गोळी असेल तर ती अर्धी करून २५ मिलिग्रॅमने उतरता येतं. कॅप्सूल असेल तर तसं करता येत नाही, आणि सावकाश विरघळणारी गोळी तर कधीही मोडायची, चावायची किंवा कुटायची नाही, कारण दिवसभरात सुटायचं औषध मग एकदम सुटतं. काही देशांत ट्रॅमाडॉल थेंबांच्या रूपातही मिळतं आणि शेवटच्या टप्प्यात त्याचा फार उपयोग होतो. माझ्या हाताखालच्या अशा रुग्णाला मी साधारणपणे २०० वरून १७५, मग १५० असं दर तीन-चार आठवड्यांनी नेतो, आधी दुपारची गोळी कमी करतो आणि रात्रीची सगळ्यात शेवटी ठेवतो, कारण झोप गेली की सगळाच बेत कोसळतो. हे माझं उदाहरण म्हणून वाचा. आईंचा तक्ता त्यांच्या डॉक्टरांनी त्यांची किडनी, यकृत, इतर औषधं बघून करायचा आहे.

गंमत म्हणजे पहिला अर्धा उतार सोपा जातो. त्रास होतो तो शेवटच्या ५० मिलिग्रॅममध्ये. २०० वरून १७५ ही आठव्या हिश्शाची घट आहे, ५० वरून २५ ही निम्म्याची. म्हणून शेवटी पावलं आणखी छोटी आणि अंतर आणखी मोठं हवं. मधेच ताप आला, घरात दुःखद घटना घडली, तर महिना-दोन महिने आहे तिथेच थांबावं. थांबणं चालतं. पुन्हा वर चढणं शक्यतो टाळावं, पण एखाद्या वेळी चढावं लागलं तरी सगळं वाया गेलं असं नसतं. आठ-दहा महिने लागले तरी हरकत नाही. ज्या रुग्णांना उताराचा वेग ठरवण्यात स्वतःचा शब्द असतो, ते टिकतात. म्हणून एक विनंती: गोळ्या लपवू नका, मोजून-मापून हातावर ठेवू नका, आईंच्या नकळत कमी करू नका. त्यांना ते कळेल, आणि त्यानंतर त्या खरा त्रास तुम्हाला सांगणार नाहीत.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका रुग्णाची मॉर्फिनची गोळी बरीच भरभर उतरवली होती. गुडघ्याचं दुखणं, पन्नाशीचे गृहस्थ, शिस्तीचे. प्रत्येक भेटीत "ठीक आहे" म्हणायचे. महिन्याभराने त्यांच्या पत्नीकडून कळलं की ते रात्र-रात्र अंगणात फेऱ्या मारतात आणि जगण्यात अर्थ नाही असं बोलतात. मी त्यांना दुखणं किती ते विचारत होतो, झोप आणि मन कसं आहे ते विचारलंच नव्हतं. आम्ही दोन पायऱ्या मागे गेलो आणि पुढचा उतार वर्षभराचा केला. तेव्हापासून मी प्रत्येक भेटीत मनाबद्दल स्पष्ट शब्दांत विचारतो, जीव द्यावासा वाटतो का हेही विचारतो. तुम्हीही आईंना विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट तो बाहेर पडायला वाट मिळते.

उतारादरम्यान त्रास झालाच तर त्यावर उपाय आहेत. क्लोनिडिन नॉरअॅड्रेनलिनचा तो उसळता जोर कमी करतं, पण रक्तदाब उतरवतं, म्हणून आधीच रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला ते जपून द्यावं लागतं. लोफेक्सिडिन हे त्याच जातीचं औषध, अमेरिकेत २०१८ पासून याच कामासाठी मान्य आहे. जुलाबांना लोपेरामाइड सांगितलेल्या प्रमाणातच. जास्त घेतलं तर हृदयाची लय बिघडते. जुलाब-उलट्या चालू असतील तर पाणी आणि क्षार भरून काढणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं, विशेषतः साठीनंतर, कारण ओपिऑइडच्या विथड्रॉवलमध्ये गंभीर इजा होते ती बहुतेकदा शरीरातलं पाणी आणि सोडियम कोलमडल्याने.

आणि मूळ दुखण्याचं काय? गोळी काढायची आणि तिथे काही ठेवायचं नाही, हे क्रूर आहे. उतार सुरू करण्याच्या आधी व्यायामोपचार सुरू झालेले असावेत, झोपेची घडी बसवलेली असावी, आईंच्या किडनीला आणि पोटाला चालत असतील तर इतर वेदनाशामकं किंवा लावायचं औषध ठरलेलं असावं. २०१८ मध्ये एक चांगला प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबर, गुडघा किंवा खुब्याचं जुनाट दुखणं असलेल्या २४० जणांना दोन गटांत वाटून वर्षभर एका गटाला ओपिऑइड आणि दुसऱ्याला इतर औषधं दिली. रोजची कामं करण्यात ओपिऑइडचा गट पुढे गेला नाही, वेदना तर दुसऱ्या गटात किंचित कमीच होत्या, आणि औषधाचे त्रास ओपिऑइडवाल्यांना जास्त झाले. तेव्हा गोळी सुटली की आयुष्यभर दुखत राहणार ही आईंची भीती असेल, तर तिला आधार फारसा नाही. मात्र ओपिऑइडच्या जागी नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन सुचवलं गेलं तर तीही औषधं अंगवळणी पडतात आणि तीही हळूहळूच थांबवावी लागतात, हे लक्षात ठेवा.

दोन वेगळ्या परिस्थितींबद्दल पटकन. कॅन्सरच्या वेदनेत किंवा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात मॉर्फिन हे वरदान आहे, आणि व्यसनाच्या भीतीने ते नाकारणं चूक आहे. वरचं काहीही वाचून कुणी अशा रुग्णाची गोळी कमी करू नये. आणि गर्भवती स्त्रीने ओपिऑइड स्वतःहून कधीही अचानक थांबवू नये. विथड्रॉवल तिच्या बाळालाही झेलावं लागतं. तिथे प्रसूतितज्ज्ञ आणि वेदनातज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवायचं असतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आईंना "मीच कशी फसले" असं वाटत असेल म्हणून सांगतो. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. इस्पितळात दाखल असताना नार्कोटिक (म्हणजे ओपिऑइड) औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत व्यसनाची नोंद सापडली, असं त्यात होतं. इस्पितळातले थोडे दिवस आणि घरी महिनोन्‌महिने घेतलेली गोळी यांची तुलना होऊ शकत नाही. तरीही पुढे शेकडो लेखांत त्या पत्राचा दाखला देऊन जुनाट दुखण्यालाही ओपिऑइड निर्धोक ठरवली गेली. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात याची मोजदाद झाली तेव्हा ६०८ दाखले निघाले. शिकलेली, जबाबदार माणसं पाच वाक्यांवर विसंबली. आईंनी तर फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला.

आता सुरुवातीला ज्या इशाऱ्याचा उल्लेख केला तो. विथड्रॉवल माणसाला हैराण करतं, पण प्रौढ माणसाचा जीव सहसा त्यात जात नाही. जीव जातो तो त्यानंतर. गोळी बंद झाली की औषध पचवण्याची शरीराची सवय भराभर मोडते. आठवडा-दोन आठवड्यांनी दुखणं उफाळलं, झोप येईना, आणि माणसाने सवयीने जुनंच प्रमाण घेतलं, तर कालपर्यंत सहज पेललेला तो डोस श्वास मंद करू शकतो. सोबत झोपेची गोळी, दारू, प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. आई झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशी गोळी घेत असतील तर ती डॉक्टरांना दाखवा, पण तीही स्वतःहून अचानक थांबवू नका. त्या गोळ्यांच्या विथड्रॉवलमध्ये फिट येते आणि तिथे मात्र जीवही जाऊ शकतो. दोन्ही एकाच वेळी कमी करायची नाहीत. आधी कुठली, ते डॉक्टर ठरवतील.

हाक मारून, हलवून जाग येत नाही, श्वास फार सावकाश किंवा घरघरता आहे, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं तर एक क्षण न घालवता रुग्णवाहिका बोलवा. ओपिऑइडचा असर उतरवणारं नॅलोक्सोन हातात असेल तर द्या, पण त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि गुंगी परत येऊ शकते, म्हणून शुद्ध आली तरी इस्पितळात न्याच. ट्रॅमाडॉलच्या बाबतीत नॅलोक्सोन अर्धंच काम करतं, दुसरी, सेरोटोनिनची बाजू तशीच राहते. याउलट उतारादरम्यान फिट आली, भास होऊ लागले, छातीत दुखलं, पाणीही पोटात ठरेना किंवा आई जीव नकोसा झाल्याचं बोलल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि उतार पूर्ण होईल त्या दिवशी घरातली शिल्लक ट्रॅमाडॉल शोधून काढा: औषधाच्या डब्यातली, उशीखालची, पर्समध्ये "असू दे" म्हणून ठेवलेली अर्धी पट्टी. औषधविक्रेत्याला किंवा इस्पितळाला विचारून ती परत करा. पुढे कधी पडझड झाली, ऑपरेशन झालं आणि पुन्हा ओपिऑइड लागलंच, तर डॉक्टरांना आधी सांगा की आईंनी ते किती काळ घेतलं होतं आणि कधी सोडलं. त्यांना तेव्हा नव्या रुग्णासारखं, अगदी कमी प्रमाणापासून सुरू करावं लागेल.